हळदोण्याच्या बाजूची मुलांची कयाकिंग बॅच: वाढ बघून गट लावणारी जागा

ज्यांची मुलं साधारण 10 ते 16 वयाची आहेत आणि ज्यांच्या डोक्यात मुलांना कयाकिंगला घालायचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पर्यटकांना तासभर खारफुटीत फिरवून आणतात ती राइड वेगळी, तिच्याबद्दल हे नाही. हळदोण्याच्या बाजूला म्हापसा नदीवर मुलांचं नियमित कोचिंग चालतं, त्या बॅचचा हा रिव्ह्यू. माझी भाची (सातवीत) तिथे आधीपासून जाते, आमचा मुलगा (आठवीत) गेल्या सीझनला लागला. गोव्यात मुलांना पाण्यावर नेणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, पण मुलाचं शरीर वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आलंय आणि तो पाण्यावर किती राहिलाय ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून शिकवणारी मला तरी ही एकच दिसली, आणि त्यासाठीच पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी जायचं कसं ते. पर्वरीहून अर्ध्या-पाऊण तासात पोचता, म्हापशाहून त्याहून लवकर. खोर्जुवेंचा केबलचा पूल लांबून दिसायला लागला की जवळच आलात समजा, शेवटचा रस्ता खाजनाच्या (बांध घालून केलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेने जातो आणि अरुंद आहे, समोरून टेम्पो आला तर कोणीतरी मागे घ्यावीच लागते. गाडी जेटीच्या तोंडाशी लावू नका, गावातल्या लोकांच्या होड्या तिथूनच काढतात. वेळ ठरलेली नसते हे ऑफिसला जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि त्या रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकतात, त्यामुळे सगळं वेळापत्रक पाण्यावर. सुकती असली की जेटीखाली नुसता चिखल, मग बॅच उशिरा किंवा सरळ संध्याकाळी. ग्रूपवर आठवड्याचं टाइमटेबल येतं पण कधी कधी आदल्या रात्री दहाला बदलतं, तो अर्धा स्टार तिथेच गेला. नोकरी करणाऱ्या आईबापांना रात्री दहाला कळून सकाळी साडेसहाला मुलाला पोचवायचं म्हणजे घरात पळापळ होते, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक तर वर्षभराचं आधीच मिळतं, ते बघून महिन्याचं टाइमटेबल सहज लावता येईल. सरांना हे तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितेय.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दिवशी मुलाला पाण्यात उतरवतच नाहीत, मोजमाप घेतात. भिंतीला टेप चिकटवलेली, अनवाणी उभं करून उंची, मग वजन, आणि मग एक लाकडी खोका भिंतीला लावून त्यावर बसवतात, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, हात मांड्यांवर, आणि डोक्यावर सपाट फळी ठेवून माप घेतात, त्यातून खोक्याची उंची वजा केली की बसलेली उंची निघते. उभ्या उंचीतून ही वजा केली की पायांची लांबी. मग दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत. आईबाबांची उंची विचारतात, शाळेच्या शूजचा नंबर जूनपासून बदलला का तेसुद्धा विचारतात. मला पहिल्यांदा वाटलं हे एवढं कशाला, मुलगा काय पोलीस भरतीला आलाय का, पण सरांनी बसवून नीट समजावलं आणि नंतर मी स्वतः बरंच वाचलं, ते इथे सांगते कारण कुठल्याही कोचिंगला मुलाला घालताना कामाला येईल.

मुलांची उंची दरवर्षी सारखी वाढत नाही. एक काळ असा येतो की वर्षभरात मूल झपाट्याने वाढतं, मुलींमध्ये सरासरी 12 च्या आसपास आणि मुलांमध्ये 14 च्या आसपास, त्या जोरातल्या वर्षात मुली साधारण 8 सेंटीमीटर आणि मुलगे 9-10 सेंटीमीटर वाढतात. पण ही झाली सरासरी. कोणाचं हे 12 व्या वर्षी होऊन जातं, कोणाचं 16 उजाडलं तरी सुरू व्हायचं असतं, म्हणजे आठवीच्या एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात 3-4 वर्षांचा फरक असू शकतो आणि दोघांच्या जन्मदाखल्यावर मात्र साल तेच. आधी हातपाय लांब होतात, म्हणून शूज लवकर लहान होतात, धड मागून वाढतं. म्हणून तर बसलेली उंची वेगळी मोजायची, पाय आणि धड यांच्या प्रमाणावरून मूल त्या जोराच्या वाढीच्या अलीकडे आहे, मध्ये आहे की पलीकडे गेलंय याचा अंदाज येतो. 2002 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातल्या मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं, वय, उंची, बसलेली उंची, पायांची लांबी, वजन एवढं घातलं की झालं, जगभर क्रीडा प्रशिक्षणात ते वापरतात. सर हेच मोबाइलवरच्या एका शीटमध्ये भरतात. त्यांनी स्वतःहून हेही सांगितलं की ह्या सूत्रात वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं आणि फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते जास्त चुकतं, म्हणून एका मापावर ते काही ठरवत नाहीत, दर तीन महिन्यांनी परत मोजतात आणि वहीत आलेख काढतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. कागदावर आकडा आला की तो देवाचा शब्द धरणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

क्रिकेटवाल्या आईबापांना यात थोडं ओळखीचं वाटेल कारण बीसीसीआय 16 वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं, टीडब्ल्यू-थ्री म्हणतात त्या पद्धतीला. पण ते वय चोरणारे पकडायला. इथे हेतू वेगळा, इथे एक्स-रे वगैरे काही नाही, फक्त टेप आणि खोका, आणि त्यावरून मुलाला कुठल्या गटात, कुठल्या पॅडलने, किती जोर लावून वल्हवायला द्यायचं ते ठरतं.

आणि कयाकिंगमध्ये ही गोष्ट पळण्यापेक्षा जास्त का महत्त्वाची, ते मला इथेच कळलं. पळताना प्रत्येकाला आपापलं वजन पायांवर उचलायचं असतं, मोठ्या मुलाला मोठं वजन, लहानाला लहान, थोडी बरोबरी होते. बोटीत बसल्यावर वजन पाणी उचलतं. जड मुलामुळे बोट जरा जास्त बुडते, पाण्याचा अडथळा वाढतो, हे खरं, पण ओढायला लागतात खांदे, पाठ, धड आणि लांब हात. मुलग्यांमध्ये नेमकं पौगंडावस्थेत हेच सगळं वाढतं, खांदे रुंद होतात, छातीपाठीचे स्नायू भरतात, आणि ताकदीची खरी झेप उंचीच्या झेपेनंतर सहा महिने ते वर्षभराने येते. धड लांब म्हणजे बसल्या जागेवरून पॅडल जास्त पुढे टाकता येतं, एका स्ट्रोकला बोट जास्त सरकते. स्पेनमध्ये किशोरवयीन कयाक-कनूवाल्या मुलांवर बरेच अभ्यास झालेत आणि त्यातून हेच दिसतं, की शरीराने पुढे गेलेली, धड लांब असलेली, वरच्या अंगात ताकद असलेली मुलं स्प्रिंटला पुढे असतात. म्हणजे तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा 200 मीटरला जिंकला तर त्यात त्याची मेहनत किती आणि वाढ किती, हे नुसत्या स्टॉपवॉचवरून सांगता येत नाही.

मग अनुभवाचं काय? इथे ही बॅच मला सगळ्यात जास्त पटली. वहीत प्रत्येक मुलापुढे दोन रकाने, एक वाढीचा आणि एक पाण्यावर किती सीझन काढले त्याचा. हे दोन कधीच एकत्र करत नाहीत.

फेब्रुवारीत एका रविवारी मी जेटीवर होते तेव्हाचं सांगते. महिन्यातून एकदा ते वेळ लावतात, आधी पूल बाजूला ठेवून सरळ पट्ट्यात 200 मीटर, आणि थोड्या विश्रांतीनंतर लांबचं, वळणापलीकडच्या मानशीपर्यंत (खाजनात पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांपर्यंत) जाऊन परत. 200 मीटरला नववीतला एक दणकट मुलगा सहज पुढे गेला, नवीनच लागलेला, बोट डावी-उजवी हलत होती, पॅडल पाण्यात जरा उशिरा धरत होता, शेवटी तर नुसता हातांनी ओढत होता, पण खांदेच असे की बाकीच्यांना काही संधीच नाही. आमची भाची चौथी. मग लांबचं सुरू झालं. तोवर उन्हं वर आलेली, समुद्राकडून वारं सुटलेलं आणि ओहोटी लागलेली, म्हणजे जाताना वारं पाठीशी पण पाणी समोरून आणि येताना उलटं. तो मुलगा मधोमध, जिथे पाण्याचा ओढा सगळ्यात जास्त, तिथूनच चालला. भाची सरळ खारफुटीच्या कडेला गेली, कडेला ओढा कमी असतो, तिथून बारीक बारीक स्ट्रोक टाकत, पाय फूटरेस्टवर आळीपाळीने दाबत, कमरेपासून वळत, हात जवळजवळ सरळच. वळणावर ती त्याच्या पुढे होती. परत येताना मात्र ती मध्यभागी आली कारण आता ओढा मदतीला होता, आणि समोरच्या वाऱ्यात तो मुलगा पॅडल उंच उचलत होता त्यामुळे वारा पातीला लागत होता, हिने पॅडल खाली ठेवलेलं. चांगल्यापैकी अंतराने ती आधी आली. मी काठावरून ओरडत होते, घसा बसला दोन दिवस.

सरांनी नंतर दोघांनाही जवळ बोलावलं. त्या मुलाला म्हणाले, "बाबा, तुझ्याकडे इंजिन आलंय, आता पाणी धरायला शिक, नाहीतर दोन वर्षांनी हे सगळे तुझ्याएवढे होतील तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काही राहणार नाही." आणि भाचीला म्हणाले, "तुला पाणी कळतं, पण सुरुवातीचे दहा स्ट्रोक ढिले आहेत, त्यावर काम करू." दोघांना वेगवेगळी गोष्ट सांगितली, आणि दोन्ही खऱ्या. मी अशी कोचिंग पाहिलीय जिथे पहिल्या आलेल्याला टाळ्या आणि बाकीच्यांना "जोर लावा" एवढंच.

गावातल्या मच्छीमार घरातला एक मुलगा आहे बॅचमध्ये, अंगाने बारीक, लहानपणापासून वडिलांबरोबर होडीत गेलेला. त्याला बॅलन्स कोणी शिकवावा लागला नाही, भरती कधी फिरणार ते घड्याळ न बघता सांगतो. पण होडीच्या वल्ह्याची सवय म्हणून तो एकाच बाजूने लांब आणि खोल ओढायचा, कयाकला ते चालत नाही, बोट वळते. म्हणजे पाण्याचा अनुभव आणि स्ट्रोकचा अनुभव ह्याही दोन वेगळ्या गोष्टी, आणि सर त्याला पहिल्या बाबतीत सगळ्यात वरच्या गटात धरतात आणि दुसऱ्या बाबतीत नवख्यांबरोबर. इतर मुलांना पाण्याचं वाचन शिकवायला त्यालाच पुढे करतात. असं बघितलं की बरं वाटतं, आपल्याकडे नदीकाठच्या मुलांना जे येतं त्याला कोणी कौशल्य म्हणत नाही.

आमच्या मुलाचं सांगायचं तर तो उशिरा वाढणाऱ्यातला. ह्यांच्या घरातच तसं आहे, हे स्वतः अकरावी-बारावीत उंच झाले, आणि वाढीचा हा वेळ बराचसा घराण्यातून येतो. इथे येण्याआधी मुलाला दुसऱ्या एका ठिकाणी घातलं होतं, नाव घेत नाही. तिथे 14 वर्षांखालचे सगळे एका गटात, सगळ्यांना एकच मोठ्या माणसाचं पॅडल, आणि रोज शर्यत. त्या पॅडलने वल्हवणं म्हणजे बापाची चप्पल घालून पळायला लावणं. पात मोठी म्हणून प्रत्येक स्ट्रोकला खांद्यावर ताण, दांडा लांब म्हणून हात वर जाणार, कंबर वळणारच नाही. रोज शेवटचा यायचा. दोन महिन्यांनी म्हणाला आई मला नको, मला येत नाही. त्याला येत होतं, अंग नव्हतं आलेलं. अशी किती मुलं त्या वयात खेळ सोडत असतील, आणि त्यातली कितीतरी सोळा-सतराव्या वर्षी पुढे गेली असती, ह्या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात हे कितीतरी देशांत, कितीतरी खेळांत दिसून आलंय, जानेवारीतलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात पण मध्ये जवळजवळ एक वर्ष. त्यात डिसेंबरचं मूल उशिरा वाढणारं असेल तर त्याच्याकडे कोण बघणार!

इथे पॅडलचं असं आहे की उभं राहून हात वर करून पातीच्या वरच्या कडेवर बोटं वळतात का ते बघून लांबी लावतात, दांडा मध्ये कमीजास्त होणारा आहे, लहान पातीची पॅडलं वेगळी ठेवलीयत. ज्यांची उंची झपाट्याने वाढतेय त्यांची लांबी आणि फूटरेस्टचं अंतर दर महिन्याला परत बघतात. बोटीही तीन प्रकारच्या. नवख्यांना रुंद आणि आखूड, मधल्यांना जरा निमुळत्या, आणि दोन जुन्या रेसिंग के-वन (एकट्याने वल्हवायच्या कयाक) आहेत. स्पर्धेतली के-वन म्हणजे जास्तीत जास्त 5.2 मीटर लांब आणि कमीत कमी 12 किलो वजनाची, बसायला जागा इतकी अरुंद आणि तळ इतका गोल की नवखा माणूस बसल्याबसल्या उलटतो. तिच्यात कोणाला बसवायचं ते उंचीवर नाही, पाण्यावरच्या सीझनवर ठरतं. भाचीला ती मिळाली, त्या दणकट मुलाला नाही, त्याची आई नाराज होती, सरांनी तिला वहीच दाखवली. रेसिंग बोटी जुन्या आहेत, एकीच्या नाकाला फायबरचं ठिगळ आहे, पण गळत नाही.

आता ज्यांची मुलं ऐन वाढीत आहेत त्यांनी हा भाग नीट वाचा. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि स्नायूबंध मागून येतात, त्यामुळे त्या वर्षभरात मूल अचानक अवघडल्यासारखं होतं, काल जमत होतं ते आज जमत नाही, बॅलन्स बिघडतो, वेळ मागे जातो. घरी आपण म्हणतो लक्ष नाही, मोबाइल बघतो. मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, आणि कयाकमध्ये पाय पुढे करून बसायचं असल्यामुळे ते आखडले की कंबर मागे कलते, पाठ वाकते, मग खांद्यातूनच ओढलं जातं. ह्या मुलांचा सरांनी वेगळा गट केलाय, "वाढीवाले" म्हणतात मुलं त्यांना प्रेमाने. त्यांना शर्यतीची वेळ लावत नाहीत, मीटर कमी, स्ट्रेचिंग जास्त, बॅलन्सचे खेळ, उलटी बोट सरळ करणं, उभं राहून वल्हवणं, डोळे मिटून स्ट्रोक. एकाचा खांदा दुखायला लागल्यावर त्याला दोन आठवडे पॅडलला हात लावू दिला नाही, रोज यायचं पण काठावर बसून इतरांचे स्ट्रोक मोजायचे. स्ट्रोक मोजण्यातून तो खूप शिकला असं त्याचे बाबाच सांगत होते, कारण मोजल्यावर कळतं की काही मुलं मिनिटाला कमी स्ट्रोक मारूनही पुढे असतात, एका स्ट्रोकला बोट किती सरकते त्यावर खेळ आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. मुलींची वाढ आधी होत असल्यामुळे 11-12 च्या वयात ह्या बॅचमध्ये मुलीच पुढे दिसतात, मिश्र शर्यतीत बऱ्याचदा मुलीच जिंकतात. मग 14-15 ला मुलगे ताकदीत पुढे जातात आणि तेव्हा मुली बाहेर पडतात, कारण त्यांना वाटतं आपण मागे पडलो, खरं तर त्या मागे पडलेल्या नसतात, त्यांच्या शेजारच्याचं शरीर बदललेलं असतं. म्हणून इथे साधारण तेरानंतर मुलींच्या वेळा मुलींशी आणि स्वतःच्या मागच्या महिन्याशीच लावतात. एक असिस्टंट मॅडम असते, पाळीच्या दिवसांत काय करायचं, पाण्यात उतरायचं की नाही, हे मुली तिच्याशी मोकळेपणी बोलतात, जबरदस्ती नाही आणि उगाच लाजही नाही. मॅडम त्यांना प्राची यादवचं उदाहरण देते, टोकियो पॅरालिंपिकची फायनल गाठलेली, भोपाळच्या तलावावर तयार झालेली. आणि मुलांना अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांचं, 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सी-टू (दोघांची कनू) 1000 मीटरला ब्राँझ आणलं त्यांनी, त्याआधी भारताला या खेळात आशियाईचं पदक मिळालं होतं ते 1994 मध्ये. मुलांना ही नावं पाठ आहेत, मला त्याचं कौतुक आहे, कारण कयाकिंग म्हणजे पर्यटकांची गंमत असंच गोव्यातसुद्धा बहुतेक लोक समजतात.

चेंजिंग रूमची मात्र तक्रार आहे. ताडपत्रीचा आडोसा आणि एक नळ, एवढंच. लहान मुलांचं निभावतं, पण वाढत्या वयाच्या मुलींसाठी दाराला कडी असलेली पक्की खोली हवीच. मुलींना टिकवायचं असेल तर हे वहीतल्या आलेखाइतकंच महत्त्वाचं आहे. सर म्हणाले पंचायतीशी बोलणं चालू आहे. टॉयलेट जवळच्या एका घरातलं वापरू देतात, ती बाई फार चांगली आहे, पण हे कायमचं कसं चालणार.

सुरक्षिततेबाबत काही बोलायला जागा नाही. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे, खांद्याला धरून वर ओढून बघतात, कानापर्यंत सरकलं तर बदलतात. पोहणं यायलाच हवं, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मुद्दाम उलटवतात. एक बोट कायम मागे असते. पावसाळ्यात पाणी बंद, जूनपासून सप्टेंबरपर्यंत एका शाळेच्या हॉलमध्ये व्यायाम, रबरी पट्ट्या, मेडिसिन बॉल फेकणं, दोरीवर चढणं. या वयात जड वजनं उचलायला देत नाहीत, आधी हालचाल नीट करायला लावतात, मग भार. काही बाबालोकांना हे कमी वाटतं, त्यांना मुलाचे दंड दिसायला हवे असतात. त्यांना मी एवढंच सांगेन की मापाच्या वहीचं पान मागा आणि बघा तुमचा मुलगा कुठे आहे, ज्याची वाढच अजून सुरू व्हायचीय त्याचे स्नायू फारसे फुगत नाहीत, त्याचा जोर वाढतो तो मुख्यतः हालचाल सुधारल्यामुळे.

एक गोष्ट ह्या बॅचच्या हातात नाही, ती म्हणजे बाहेरच्या स्पर्धा. तिथे वयोगटच चालतो, जन्मतारीख चालते, सरांची वही कोणी विचारत नाही. मग सर स्पर्धेला मुलं कशी पाठवतात? उशिरा वाढणाऱ्यांना ते 200 मीटरऐवजी लांबच्या अंतराला किंवा दोघांच्या बोटीत घालतात, के-टूमध्ये पुढे अनुभवी आणि मागे दणकट अशी जोडी, पुढचा लय धरतो, मागचा जोर देतो. आमचा मुलगा आणि तो नववीतला मुलगा आता एका बोटीत बसतात. पहिल्या दिवशी दोघं उलटले, मुलगा लहान पण पुढे बसून "एक, एक, एक" म्हणत लय लावत होता आणि मागचा ऐकत होता, हे बघून मला जे वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत. त्याला अजून मिसरूड नाही. पण तो आता म्हणत नाही की मला येत नाही.

फी महिन्याला 3000 च्या आसपास, सीझनचे एकदम भरले तर थोडी सूट, गावातल्या मुलांना बरीच कमी. यात बोट, पॅडल, जॅकेट सगळं आलं. पाण्यातले शूज आणि लांब बाह्यांचा टीशर्ट आपला आणायचा, सनस्क्रीन लावून पाठवा, जेटीवर सावली अजिबात नाही, आईबाबांनी टोपी आणि पाणी घेऊनच या. डास संध्याकाळी भयंकर.

ज्यांना महिन्याभरात मेडल हवंय त्यांनी इथे पैसे घालवू नका, पहिले दोन महिने शर्यतच नसते. ज्यांचं मूल वर्गात सगळ्यात लहान दिसतं, किंवा उलट, एकदम उंच झालंय आणि सगळीकडे जिंकतंय, त्या दोन्ही प्रकारच्या आईबाबांनी एकदा येऊन बघा. उंच मुलांच्या आईबाबांनी तर नक्कीच, कारण सगळीकडे जिंकणाऱ्या मुलाला तंत्र शिकायला लावणारी माणसं कमी भेटतात आणि बाकीची मुलं वाढली की त्याचाच धीर आधी सुटतो.

नवीन बॅच चतुर्थी झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलं की सुरू होते. दहाच जागा असतात, चौकशी सप्टेंबरमध्येच करा. मापं घ्यायच्या दिवशी मुलाला हाफ पँटमध्ये आणि रिकाम्या खिशाने पाठवा, मुलींचे केस वर बांधू नका, अंबाड्याने उंचीत फरक पडतो आणि मॅडम परत सोडायला लावते. आईबाबांची उंची विचारतील तेव्हा खरी सांगा, आमच्या ह्यांनी दोन सेंटीमीटर वाढवून सांगितली होती आणि सरांनी त्यांनाच भिंतीला उभं केलं.